चोविसावी विहीर

बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली मी एकतीस वर्षं टाईपरायटर बडवला. खरेदीखतं, फारकती, भावाभावांचे दावे, सगळं माझ्या बोटांखालून गेलं आणि त्यातलं फारसं काही डोक्यात राहिलं नाही. राहिला तो एक प्रबंध. दोनशे अकरा पानं, चार प्रती, इंग्रजीत. मला इंग्रजी टाईप करता येत होतं. ते समजत होतं असा दावा मी कधी केला नाही. पण त्या प्रबंधातलं एक पान मी आजही पाठ म्हणून दाखवीन. त्या पानावर एक सही व्हायची होती आणि ती झाली नाही.

प्रबंध इंद्रभान तायडेचा. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा तो पहिल्यांदा शेडखाली आला. वय सत्तावीस, अंगानं वाळकुडा, शर्टाचं बटण थेट गळ्यापर्यंत लावलेलं. इथल्याच कॉलेजात प्रयोगशाळेत मुलांना प्रयोग दाखवायचं काम करायचा. गाव वडनेर भोलजी. बाप उकंडराव दुसऱ्याच्या शेतात सालानं राबून गेला. आई जनकाबाई गावीच. छप्पन साली घर बौद्ध झालं, आणि त्यानंतर चार वर्षांत हा गावातला पहिला एम.एस्सी. झाला. आता त्याला विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवायचं होतं, आणि त्याचा अर्ज टाईप करायला हवा होता.

विषय होता पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. घाटाखाली, नांदुऱ्यापासून जळगाव जामोदपर्यंत, पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, कपाशी छातीला लागेल अशी, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात किती क्षार आहेत, कुठून येतात, ओलिताला वापरलं तर जमिनीचं काय होईल, हे याला शोधायचं होतं.

त्यानं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि मला वाचून दाखवायला लागला. आधी मार्गदर्शकाची संमती. मग विषयाला समितीची मंजुरी. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल. किमान दोन वर्षं काम, जास्तीत जास्त पाच वर्षं मुदत. एक परदेशी भाषा वाचता आली पाहिजे, तिची परीक्षा वेगळी. प्रबंधाच्या चार प्रती, डाव्या बाजूला दीड इंच कोरी जागा. दोन परीक्षक, त्यातला एक देशाबाहेरचा. मग तोंडी परीक्षा. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जड, अशी अट की प्रबंधानं ज्ञानात काहीतरी नवी भर घातली पाहिजे.

"तायडे," मी म्हटलं, "एवढ्या अटी तर मुलीचा बापही घालत नाही."

तो हसला नाही. म्हणाला, "एकेक अट पुरी करू, वामनराव. घाई नाही."

घाई नव्हतीच. लग्नही त्यानं पदवीनंतर ठेवलं होतं. जनकाबाई स्थळं पाहून पाहून थकली. एका खोलीत एकटा राहायचा, एका स्टोव्हवर भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून जर्मन शिकायचा. अख्ख्या बुलढाण्यात त्याच्याशी जर्मन बोलणारा एक माणूस नव्हता. मराठी बोलणारे पुष्कळ होतो, पण त्याच्याशी बोलायला तरी कोण जात होतं? मी जायचो, तेही चेष्टा करायला. त्या भाषेत काही अक्षरांवर दोन टिंबं असतात, ती माझ्या मशीनवर नव्हती, आणि प्रबंधात जर्मन पुस्तकांची नावं पानोपानी होती. म्हणून पुढं सगळा प्रबंध टाईप झाल्यावर प्रत्येक प्रतीवर त्यानं ती टिंबं टाकानं, एकेक करून, हातानं दिली. मी मोजायला बसलो होतो, तीनशेच्या पुढं कंटाळलो.

नोंदणी झाली. पट्ट्यातल्या चोवीस विहिरी नकाशावर ठरल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आणि रविवारी हा एस.टी.नं राजूर घाट उतरून खाली जायचा, भाड्याची सायकल घ्यायचा, विहिरीविहिरीवरून बाटल्या भरून आणायचा. प्रत्येक बाटलीतलं मोजून पाणी चिनी मातीच्या बशीत आटवायचं आणि मागं उरलेला पांढरा क्षार तोलायचा, असं ते काम. मी एकदा प्रयोगशाळेत गेलो होतो. टेबलावर ओळीनं चोवीस बशा मांडलेल्या. तेवीस बशांच्या बुडाला चुना फासल्यासारखा थर. चोविसावी जवळजवळ कोरी.

ही चोविसावी विहीर मुळात यादीत नव्हती. नकाशाच्या ऐन मध्यावर मोठी मोकळी जागा राहते, तिथली एक विहीर हवीच, असा हट्ट नागपूरच्या मार्गदर्शकांनी धरला. तिथं एकच गाव होतं आणि त्या बाजूला एकच चालू विहीर होती, तीही शेतात नव्हे तर एका घराच्या परसात. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पोरींची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि खाऱ्या पाण्याच्या गावाशी सोयरीक म्हटलं की लोक आधीच नाक मुरडतात.

घर तानाबाईचं. चाळीस एकरांची मालकीण, साठी उलटलेली, मुलगा उत्तमराव आणि सून दिवसभर शेतात. इंद्रभान पहिल्यांदा गेला तेव्हा तिनं ओसरीवरूनच विचारलं, "कोनत्या गावचे? कोनाचे?" यानं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. लपवणं त्याच्या रक्तात नव्हतं. तानाबाईनं ऐकून घेतलं आणि अंगणातल्या निंबाकडे बोट दाखवलं. "बसा तिथंच. काय पायजे?"

"तुमच्या विहिरीचं पानी पायजे, माय. एक बाटली."

ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि याच्या हातातल्या बाटलीत हातभर वरून धार सोडली. एक थेंब बाहेर सांडला नाही. इंद्रभानला त्यात नवल वाटलं नाही. लहानपणी तो आईबरोबर वडनेरच्या विहिरीपाशी उन्हात बसलेला होता. जनकाबाई घागर पुढं ठेवून म्हणत राहायची, "पानी वाढा वं माय," आणि कुणाला दया आली की वरून धार यायची. धार वरून येते, तेव्हा खाली कसं उभं राहायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं, तिसऱ्यातही. छत्तीस महिने तो त्या निंबाखालीच थांबला, तिनं आतून पाणी आणलं, त्यानं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि निघाला. बाकीच्या तेवीस विहिरी उघड्या रानात होत्या. तिथं हा स्वतः बादली सोडायचा. चोविसावी त्यानं कधी पाहिलीच नाही. गावात एका माणसाला जरी विचारलं असतं की बाबा, तानाबाईच्या विहिरीचं पाणी कसं आहे, तर सगळं तिथल्या तिथं कळलं असतं. पण तो कुणाला विचारायचा नाही. गावात शिरताना खाली मान, निघताना खाली मान.

पाणी गोड निघालं. एकदा नव्हे, छत्तीस वेळा. सगळीकडे खारं आणि मध्येच हे गोड, याचा अर्थ जमिनीखाली तिथं गोड्या पाण्याचा वेगळा थर असला पाहिजे. मार्गदर्शक खुर्चीतून उठले म्हणे. "तायडे, हीच तुमची नवी भर. याच्यावरच पदवी मिळेल तुम्हाला." प्रबंधाचं पाचवं प्रकरण सबंध त्या एका विहिरीवर होतं. खरं तर अख्खा प्रबंध तिच्यावरच उभा होता. खारपाणपट्ट्यात पाणी खारं आहे, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ते तिथल्या गाढवालाही ठाऊक आहे.

टाईप करायचं काम माझ्या घरी व्हायचं, ओसरीवर, रविवारी दुपारी. चार वर्षं तो येत होता. तो कागद वाचून दाखवी, मी बडवीत जाई. मधे माझी बायको अन्नपूर्णाबाई चहा आणून ठेवी. इंद्रभानचा कप निळ्या फुलांचा होता, कानाला टवका उडालेला. तो नेहमी तोच असायचा आणि चहा झाल्यावर तो ओसरीच्या कोनाड्यात जायचा. मी हे तेव्हा पाहत नव्हतो असं आता म्हणतो. खरं म्हणजे पाहत होतो आणि टाईप करत होतो.

सहासष्टच्या एप्रिलात सगळं तयार झालं. तीस जूनला पाच वर्षांची मुदत संपत होती, आणि त्याच दिवशी मार्गदर्शक निवृत्त होत होते. चार प्रतींचे चार गठ्ठे माझ्या कपाटावर होते, फक्त बांधणी राहिली होती. आणि पहिल्या पानामागचं ते पान, ज्याच्यावर टाईप केलं होतं की या प्रबंधातली सगळी निरीक्षणं मी स्वतः घेतलेली असून ती खरी आहेत. खाली सहीची रेघ. "बांधणीच्या आधी करीन सही," तो म्हणाला होता. तोंडी परीक्षेत दाखवायला चोविसाव्या विहिरीचं ताजं पाणी मोठ्या बाटलीत आणावं, असं मार्गदर्शकांनी कळवलं होतं. तेवढं आणलं की झालं.

तो गेला तो बुधवारी. रविवार नव्हता आणि पहिलाही आठवडा नव्हता. पुढं काय झालं ते त्यानं मला त्याच रविवारी सांगितलं. पाच वर्षांत तो इतकं बोलला नव्हता.

तानाबाईच्या दाराला कडी होती. घरात कुणी नव्हतं. तो निंबाखाली थांबला. तासभर थांबला. परतीच्या गाडीची वेळ होत आली, तेव्हा तो उठला आणि घराच्या बाजूनं मागं परसात गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विहीर दगडी बांधणीची होती. दोर आणि बादली काठावर पडलेली. "दोराले हात लावायच्या आधी किती वेळ उभा होतो, ते मले सांगता येत नाही, वामनराव," तो म्हणाला. मग त्यानं बादली सोडली, ओढली, ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पाणी खारं होतं. त्या तेवीस विहिरींपेक्षाही खारं.

तेवढ्यात तानाबाई आली. डोक्यावर दोन घागरी, पदर भिजलेला. याला विहिरीवर पाहून ती जागच्या जागी थांबली.

"माय," हा म्हणाला, "हे पानी खारं हाये."

"मंग? साऱ्या गावाचंच खारं हाये."

"तर मंग छत्तीस महिने मले कोनतं पानी देलं तुम्ही?"

तिनं घागरी उतरवल्या. "हे. नदीच्या झिऱ्याचं." वाळूत खड्डा केला की त्यात जे गोडं पाणी झिरपतं, ते. घरापासून कोसभर. "पाहुन्याच्या बाटलीत खारं पानी कसं भरू बापा? तू नागपुरापोतर नेशील, चार मोठी मानसं पाहतीन, म्हनतीन का तानाबाईनं हे देलं. आमच्यात पाहुन्याले खारं पानी देत नाहीत. पयल्या एतवारी तू येनार म्हनून सकाळीच झिऱ्यावर जात होती मी. तीन साल."

इंद्रभाननं बादली काठावर ठेवली. मग त्यानं विचारलं, आणि हे विचारायला त्याला किती जड गेलं असेल ते मला आता समजतं. "मी कधी म्हटलं असतं का मीच काढतो पानी, तर?"

तानाबाई पदरानं तोंड पुसत राहिली. "पयल्या साली म्हटलं असतं, तिथंच थांब. खोटं काऊन बोलू? पन मंग तुले बाज टाकून देली का नाही बसाले? चहा देला का नाही घरच्या कपात? तिसऱ्या साली तर मीच वाट पाहून राह्यली होती, का हा आज म्हनीन, माय, द्या तो दोर. झिऱ्याची खेप करून माह्यं मनगट दुखे. पन तू काई म्हटलंच नाही."

बाज आणि कप त्यानं पाहिले नव्हते असं नाही. त्यांचा अर्थ काढायची त्याला भीती वाटली होती.

हे सगळं तो माझ्या ओसरीवर बसून सांगत होता. शेजारी ती मोठी बाटली होती, खाऱ्या पाण्यानं भरलेली, वर नीट चिठ्ठी लावलेली. मी कपाटावरून ते पान काढलं आणि पेन त्याच्यापुढं ठेवलं.

"सही करा," मी म्हटलं.

"कशावर?"

"अहो, कोण पाहायला जातंय? तो जर्मनीचा परीक्षक काय तानाबाईच्या परसात बादली सोडायला येणार आहे? ही बाटली ओता मोरीत. झिऱ्याची एक भरून न्या."

"पानी मी काढलंच नाही, वामनराव. इथं लिहिलं आहे, मी स्वतः."

"मग ती विहीर गाळा."

"गाळली तर उरतं काय? नवी विहीर शोधायची म्हणजे आणखी तीन वर्षं. मुदत जूनमध्ये संपते. सरही जातात." हे त्यानं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग टेबलावरचे गठ्ठे सरळ केले आणि मार्गदर्शकांना एक पत्र टाईप करून द्या म्हणाला. पाचवं प्रकरण चूक आहे, प्रबंध मागे घेतो, एवढंच.

माझं डोकं फिरलं. माझीही चार वर्षं त्यात होती, माझेही रविवार होते. मी आवाज चढवला. "तीन वर्षं त्या बाईच्या अंगणात जाता आणि विहीर कुठं आहे, कशी आहे, ते एकदा मागं जाऊन पाहता येत नाही? डोळे होते ना? पाय होते ना?"

इंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आवाजही चढवला नाही.

"वामनराव, तुमच्या घरी मी चार वर्षं येऊन राह्यलो. तुमचा माठ कुठं आहे, ते मले माहीत नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. अन्नपूर्णाबाईनंही ऐकलं असावं. कोनाड्यात तो निळ्या फुलांचा कप होता आणि आम्ही दोघंही तिकडे न पाहण्याची खटपट करत होतो. मी उठलो. "चला," मी म्हटलं, "आत या. स्वयंपाकघरात आहे माठ. तुमच्या हातानं घ्या पाणी."

"आता नको," तो म्हणाला. "तहान नाही."

मी पत्र टाईप केलं. एक अक्षर चुकलं नाही. त्यानं खाली सही केली, घडी घातली, बाटली उचलली आणि गेला. चार गठ्ठे तिथंच राहिले.

पदवी त्याला मिळाली नाही. लग्नही राहिलं ते राहिलंच. जनकाबाई सत्तर साली गेली. कॉलेजात तो शेवटपर्यंत मुलांना प्रयोग दाखवत राहिला आणि मागाहून आलेली पोरं डॉक्टर होऊन त्याच्यावर साहेब झाली. एवढं होऊनही महिन्याचा पहिला रविवार आला की हा घाट उतरून खाली जायचा. नोंदणी नाही, मार्गदर्शक नाही, कुणी अहवाल मागत नाही, तरी जायचा. एकदा शेडखाली त्यानं मला वही दाखवली. जुन्या छत्तीस नोंदींवर लाल शाईनं रेघ मारलेली. त्यापुढं नव्या नोंदी, आणि एक नवा रकाना, पाणी कुणी काढलं. त्यात दर महिन्याला एकच शब्द, स्वतः. तानाबाई त्या दिवशी दोर आणि बादली काठावर काढून ठेवते आणि स्वतः बाजेवर बसून राहते, असं तो म्हणाला. दोर ओढणं तिला आता झेपत नाही, असंही म्हणाला.

शेडखाली तो येत राहिला. हॉटेलात चहा घेतला आम्ही पुष्कळ वेळा. घरी मात्र तो पुन्हा आला नाही. त्या एप्रिलातच मी माठ स्वयंपाकघरातून उचलून ओसरीवर आणला, कोनाड्यातला कप आत नेऊन बाकीच्या कपांत ठेवला. रोज सकाळी अन्नपूर्णाबाई माठ तिथंच भरायची, वर तांब्या पालथा घालायची. मी दर रविवारी दुपारी मशीन काढून बसायचो आणि रस्त्याकडे पाहायचो. मी त्याला हाक मारून बोलवायला हवं होतं. तो विचारील म्हणून मी वाट पाहत राहिलो, त्या तानाबाईसारखा. फरक एवढाच की तिनं पहिल्या वर्षाचं खरं त्याला तोंडावर सांगितलं होतं, आणि मी आज पहिल्यांदा सांगतोय, तो नसताना.